ज्वारीवर ज्वारी

लालसिंगच्या गिरणीसमोर कडुनिंबाखाली दगडाचा एक ओटा आहे. सकाळचा चहा झाला की उत्तमराव त्या ओट्यावर येऊन बसत. मांडीवर पितळी डबा, डब्यात दोन-अडीच किलो ज्वारी, तोंडाला जुनं फडकं बांधलेलं. आत गिरणी घरघरत असे.

"काय चालू हाये रे?" ते बसल्याबसल्या विचारत.

"गहू, बापू," आतून लालसिंग सांगे.

"मग चालू दे. मी बसतो."

पुसेगावच्या अलीकडे, फाट्यापासून आत असलेल्या या गावात एके काळी गिरणीवर दिवसभर ज्वारीच असायची. गव्हाचं दळण सणावाराला, नाहीतर घरात पाहुणे आल्यावर. आता सगळं उलटं झालं होतं. शिवारात सोयाबीन आणि हळद, रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ, आणि शाळेत जाणाऱ्या लेकरांच्या डब्यात पोळी. ज्वारी उरली होती ती जनावरांच्या कडब्यासाठी कुणी बांधाच्या कडेला पेरली तर तेवढीच. त्यामुळे उत्तमराव बसून राहत, गव्हामागून गहू दळला जाई, आणि ज्याच्यानंतर आपला डबा आत न्यावा असं ज्वारीचं दळण काही येत नसे.

कारण गव्हावर ज्वारी दळायची नाही, हे त्यांचं पक्कं होतं. गिरणीच्या दगडांत, खालच्या कापडी नळीत आधीच्या धान्याचं पीठ अडकून राहतं आणि मागून आलेल्याच्या पिठात उतरतं. मग ती भाकरी धड भाकरी राहत नाही. "ज्वारीवर ज्वारीच दळायची," असं कोंडाबाई म्हणायची. दळण घेऊन घरी आली की दारातच म्हणायची, कपाळावर पीठ, काखेत डबा. ती होती तोवर उत्तमरावांनी कधी गिरणीचा उंबरा ओलांडला नव्हता, ते काम बायकांचं. पण हे वाक्य त्यांच्या कानात बसलं होतं. कोंडाबाईला जाऊन दोन वर्षं होत आली, तिच्या मागं त्यांनी घरातलं फारसं काही सांभाळलं नव्हतं. हे एवढं मात्र देवाच्या नेमासारखं धरून ठेवलं होतं.

एकदम पायलीभर दळून ठेवावं तर तेही जमत नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, थापताना कडा चिरतात, तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे तुकडे हातात. बाईमाणूस जुन्या पिठाचीही कशीबशी भाकरी करून नेईल. उत्तमराव सत्तरी ओलांडल्यावर भाकरी थापायला शिकलेले. त्यांना पीठ ताजंच लागे.

ते शिकले तेही नाइलाजानं. कोंडाबाई गेल्यावर वर्षभर पुतण्याच्या घरून ताट येत होतं. पुतणसून चांगली होती, वेळेवर पाठवायची, पण पोळ्या. दुपारच्या पोळ्या संध्याकाळी चामड्यासारख्या होत, आणि उत्तमरावांच्या तोंडात पुढचे तीन-चार दात सोडले तर काही राहिलं नव्हतं. मऊ करून दे म्हणावं तर जीभ रेटेना. दुसऱ्याच्या घरचं ताट, त्यात फर्माईश कशी करायची? एक दिवस ते म्हणाले, "आता राहू दे पोरी, मी करीन काही तरी."

काही तरी म्हणजे चहा आणि टोस्ट. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भूक लागली तर चहा-टोस्ट, संध्याकाळी वाटलं तर भात, त्यावर दूध. सोमवारचा उपास त्यांना पूर्वीपासून होता, औंढ्याच्या नागनाथाचा. आता गुरुवारही सुरू झाला, मग शनिवार. गावातली माणसं म्हणत, उत्तमबापू फार देवाचे झाले. खरं तर चूल पेटवायचा कंटाळा होता. एका माणसासाठी काय पेटवायची, आणि जेवायचं तरी कुणासमोर?

भुकेपेक्षा त्यांना आठवण जास्त लागे. बैलपोळ्यानंतरच्या दिवसांत अंबाडी कोवळी असते. कोंडाबाई ती उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची आणि वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. भाकरी कुस्करून त्यात कालवली की दात असोत नसोत. हे त्यांना आठवे आणि तोंडाला पाणी सुटे, आणि मग समोर टोस्टचा पुडा.

आरोग्य केंद्राची आशाताई, पुनम, महिन्यातून एकदा येई. गावातलीच सून, ओळखीची. पिशवीतून वजनकाटा काढून उंबऱ्याच्या आत सपाट जागी मांडी. श्रावणात तिनं त्यांना काट्यावर उभं केलं आणि आकडा पुन्हा एकदा वाकून बघितला.

"काय झालं?"

"आबा, पुन्हा उतरलं. सदरा काढला तर काही राहणार न्हाई तुमच्यात." मग तिनं बोटातून थेंबभर रक्त काढून बघितलं. "रक्त कमी. आणि साखर वाढून राहिली. दिवसातून चहा किती वेळा घेता?"

"घेतो आपला. कुणी आलं गेलं तर."

"तुमच्याकडं येतंय कोण?" पुनम हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी काय सांगितलं होतं? भाकरी, डाळ, पालेभाजी, दूध. आणि तुमी टोस्टावर जगून राहिले. मला शिवशंकरभाऊंना कळवावं लागंल."

"नको कळवू."

"काहून नको? उद्या तुमी पडलात तर मलाच विचारतील."

तिनं कळवलं. संध्याकाळी शिवशंकरचा फोन आला. हा त्यांचा एकुलता एक मुलगा, संभाजीनगरला कंपनीत. त्यानं चढ्या आवाजात एक शब्द काढला नाही, तेच उत्तमरावांना जड गेलं.

"बाबा, दसऱ्याला मी येतोय. वजन वाढलेलं असलं तर ठीक. नाही तर बॅग भरून ठेवा. दिपा पण तेच म्हणतेय. इथं तुम्हाला काय तकलीफ आहे?"

तकलीफ काहीच नव्हती. कोंडाबाईनंतर ते महिनाभर तिथं राहून आले होते. तिसरा मजला, सून दिपा मायाळू, सकाळी सकाळी त्यांना मऊ दलिया करून द्यायची. पण त्या घरात कोंडाबाई कुठंच नव्हती. ती त्या घरात राहिलीच नव्हती कधी. इथं तिच्या वापरातलं सगळं होतं. चुलीच्या बाजूच्या भिंतीवर ती जिथं पाठ टेकून बसायची तिथं तेलाचा काळपट डाग पडला होता, पाठीएवढा, आणि त्याच्यावर डोक्याएवढा. मागच्या दसऱ्याला पुतण्यानं घर रंगवायला माणूस पाठवला तर उत्तमरावांनी ती एक भिंत त्याला हात लावू दिली नव्हती.

डाग काही बॅगेत भरून नेता येत नाही. म्हणून वजन वाढवायचं होतं, म्हणून भाकरी हवी होती, ती थापायला ते हात भाजून घेत शिकले होते, आणि म्हणूनच ते रोज गिरणीच्या ओट्यावर ज्वारीची वाट बघत बसत होते.

लालसिंग चेष्टा करी. "बापू, तुमच्या दोन किलोसाठी मी गिरणी धुवून काढू का? का गंगाजळ आणू?"

"तू तुझं काम कर."

"करून राहिलो. तुमीच बसून राहिले." मग कपभर चहा त्यांच्यापुढं करी. "घ्या. बिनसाखरेचा हाये. पुनमताईनं दम दिला मला."

काही दिवस नशीब उघडे. कुणी तरी कडब्याबरोबर निघालेली ज्वारी घेऊन येई, आणि उत्तमराव लगबगीनं डबा आत नेत. बहुतेक दिवस मात्र लाईट जाई, गिरणी बंद पडे, आणि ते डबा तसाच घेऊन परत. मग घरी चहा-टोस्ट. महिना सरत आला आणि पीठ मिळालं ते थोडक्याच भाकऱ्यांपुरतं.

गणपती बसले त्या आठवड्यातली गोष्ट. उत्तमराव नेहमीसारखे येऊन बसले तर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पार्वतीबाई. भावकीतली चुलत वहिनी, त्यांच्यापेक्षा वयानं मोठी, पाठीत वाकलेली. घरात सून, नातवंडं होती, पण ती सगळी पोळीवाली. तिच्या मांडीवर ॲल्युमिनियमचा डबा.

"काय आणलं, वहिनी?"

"ज्वारी," पार्वतीबाई म्हणाली. "तुमचं काय?"

"ज्वारीच."

आत कुणाचा तरी गहू संपत आला होता. दगडांचा आवाज बदलला.

"चला, कोण येतंय?" लालसिंगनं आतून हाक दिली.

"वहिनी, जा तुमी," उत्तमराव म्हणाले. "बाईमाणसाला ताटकळत ठेवू नये."

"न्हाई बाई. तुमी तर रोज येऊन बसता."

"मी आत्ताच आलो. तुमीच आधीच्या."

"मला घाई न्हाई भावजी. घरी सून हाये. तुमी एकटे, तुमाला जाऊन चूल पेटवायची. जा, जा."

"वडील माणसाचा मान असतो, वहिनी."

"मला वडील करता व्हय? तुमच्या लग्नात मी करवल्यांत मिरवले होते."

लालसिंग दारात येऊन उभा राहिला. अंगभर पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. त्यानं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि चौकटीला टेकून हसायला लागला.

"किती मान देऊन राहिले एकमेकांना. गहू कुणाच्या पिठात जावा एवढाच प्रश्न हाये ना?"

उत्तमरावांनी नजर कडुनिंबाकडे वळवली. पार्वतीबाईनं पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते. आपण पकडले गेलो हे दोघांनाही कळलं होतं.

"मग मी गिरणी बंद करून जेवून येऊ?" लालसिंग म्हणाला.

"थांब रे," पार्वतीबाई म्हणाली. मग उत्तमरावांकडे वळून, "कोंडी असती तर हा घोळ झाला नसता."

"तिचंच तर सांगणं होतं. ज्वारीवर ज्वारी."

"व्हय. आन् ज्वारी आधी कुणाची जायाची?"

उत्तमरावांना प्रश्नच कळला नाही.

"तिचीच की," पार्वतीबाई म्हणाली. "माझी, शेवंताची, आमच्या सगळ्यांची दळणं राहायची मागं, ही पुढं. आधी एवढी शेरभर आपल्यातली वेगळी काढायची आन् ती टाकायची गव्हावर. ती निघाली का फडक्यात वेगळी बांधायची. मग तुमचं दळण, मग आमचं."

"मग ते फडक्यातलं पीठ? गाईला घालायची?"

"गाईला काहून घालंल? ते तिचं. तुमच्या भाकरी चांगल्या पिठाच्या, आन् तिच्या स्वतःच्या त्या पिठाच्या. आमी हसायचो तिला. ती म्हणायची, मला चालती, त्यांना चालत न्हाई."

उत्तमराव डब्यावरच्या फडक्याची गाठ चाचपत राहिले. जुनं, पातळ झालेलं लुगड्याचं फडकं. तिच्या पेटीतून त्यांनीच काढलं होतं, डब्याला बांधायला.

"मला तर हे म्हाईतच नव्हतं," ते म्हणाले.

"तुमाला कसं म्हाईत असंल? तुमी जेवून उठल्याबिगर ती कधी बसली का?"

हे पार्वतीबाई टोचून म्हणाली नव्हती. सगळ्याच घरांत तसंच होतं, तिच्याही. ती नुसती एक गोष्ट सांगत होती. पण उत्तमरावांना आठवून बघता कोंडाबाईचं ताट डोळ्यांपुढं येईना. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्या ताटात काय असायचं, भाकरी पांढरी की पिवळट, अख्खी की अर्धी, त्यांना एकदाही दिसलं नव्हतं. आपलं ताट दिसे. अंबाडी, कण्या, लसणाची फोडणी, बाजूला कांदा. तिचं ताट दिसेना.

"लालसिंग, तुला म्हाईत होतं हे?" त्यांनी विचारलं.

"व्हय. आमची माय गिरणीवर बसायची तवापासून बघतोय."

"मग मला इतके दिवस सांगितलं काहून न्हाई?"

लालसिंगनं मान खाजवली. "मला वाटलं, बापूला बसायला जागा पाहिजे. गव्हाचं निमित्त हाये."

उत्तमराव उठले. गुडघा धरून, ओट्याला हात टेकून, सावकाश. डबा त्यांनी लालसिंगच्या हातात दिला. "घाल. सगळी घाल. आधी माझी."

"भावजी, असं करू नका," पार्वतीबाई म्हणाली. "ओंजळभर आधी टाका, बाकीची मागून."

"न्हाई. सगळी जाऊ द्या. मग तुमची."

घरी येऊन त्यांनी परातीत पीठ घेतलं. हाताला नेहमीच्या ज्वारीसारखं खसखसलं नाही, जरा गुळगुळीत लागलं. आधण टाकून मळलं, थापलं, तव्यावर टाकलं, वरून पाण्याचा हात फिरवला. भाकरी फुगली नाही, पण तुटलीही नाही. गव्हानं थोडी चिकट झालेली, कडेला चिवट, मध्ये मऊ. खाववत नाही असं त्यात काहीच नव्हतं. दुधात कुस्करून त्यांनी ती सगळी खाल्ली आणि दुसरी टाकली. जेवताना त्यांना सारखं वाटत होतं की हे कुणाला तरी विचारायचं राहून गेलं. आता विचारणार कुणाला?

दुसऱ्या खेपेला ते गेले तेव्हा ओट्यावर पार्वतीबाईशेजारी आणखी एक म्हातारी बसली होती, आणि पलीकडच्या आळीतले माणिकराव, तेही डबा घेऊन. पार्वतीबाईनं गावभर केलं होतं. ज्यांच्या घरात ज्वारी खाणारं एकच म्हातारं माणूस उरलंय, ते सगळे बुधवारी यायला लागले. लालसिंगनंही मग बुधवारची सकाळ ज्वारीला सोडली. पहिला डबा कुणाचा, यावर कुणी मान देत-घेत बसलं नाही. उत्तमराव न बोलता पुढं होत. ओंजळभर नाही, चांगली शेरभर ज्वारी ते गव्हावर घालत आणि ते पीठ कोंडाबाईच्या फडक्यात वेगळं बांधत. जाता जाता लालसिंग गिरणीचे दगड जरा सैल करी आणि त्यांना मूठभर कण्याही काढून देई.

दळण झाल्यावर बोलणी खाण्यावर येत. माणिकराव बांधावरची तांदुळजाची भाजी कुठं चांगली उगवलीय ते सांगत. पार्वतीबाईनं सुनेच्या परसातून अंबाडी खुडून आणून दिली आणि उत्तमरावांना उकडून पाणी कसं काढून टाकायचं ते उभं राहून शिकवलं. "तुमचा हात लईच हलका हाये भावजी, पिळा बराबर. लुगडं पिळता ना, तसं."

"लुगडं कधी पिळलं मी?"

"मग धोतर पिळा."

पहिल्या खेपेला भाजी आंबट झाली. दुसऱ्या वेळी बरी जमली. कोंडाबाईसारखी नाही झाली, आणि होणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. तोंडात घास घेऊन ते थांबत, चव ओळखीची वाटे, आणि नेमकं काय कमी पडलं ते सापडत नसे. पण ताट रिकामं होत होतं. गुरुवार आणि शनिवारचे उपास कधी सुटले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सोमवार तेवढा राहिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिवशंकर आला. एकटाच, खांद्याला रिकामी मोठी बॅग. आल्या आल्या त्यानं वडिलांना नीट न्याहाळलं. पुनमला निरोप होताच. ती काटा घेऊन आली, उंबऱ्याच्या आत मांडला.

उत्तमराव चपला काढून काट्यावर उभे राहिले. समोर भिंतीवरचा तो डाग होता, त्याच्याकडे बघत राहिले.

"चढलंय," पुनम म्हणाली. "लई न्हाई, पण चढलंय भाऊ. आन् साखर मागच्या वेळेपेक्षा खाली. कोण काय खाऊ घालून राहिलं यांना?"

"कुणी न्हाई," उत्तमराव म्हणाले. "मीच."

शिवशंकर बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत उभा होता. "बघू जेवताना," एवढंच तो बोलला.

उत्तमरावांनी त्याला पाट मांडून दिला, जिथं पूर्वी ते स्वतः बसायचे तिथं. अंबाडी कण्या घालून केलेली होती. भाकरी चांगल्या पिठाची, ज्वारीवर दळलेल्या ज्वारीची. एक तव्यावरून उतरली की सरळ ताटात. शिवशंकरनं पहिला घास घेतला आणि थोडा वेळ चघळतच राहिला.

"आई करायची तशी नाहीये," तो म्हणाला.

"न्हाई."

"पण तशीच आहे थोडी." त्यानं दुसरी भाकरी मागितली. मग म्हणाला, "बाबा, तुम्हीपण बसा ना. सोबत जेवू."

"तू जेव. तवा तापलाय तोवर तुझ्या करून घेतो. मी मागून बसतो."

तोंडातून निघाल्यावर त्यांनाच ते वाक्य ओळखीचं वाटलं.

शिवशंकर पोटभर जेवला. हात धुऊन येताना त्यानं कोपऱ्यातली रिकामी बॅग उचलली आणि कपाटावर टाकली. "संक्रांतीला येतो," तो म्हणाला. "तेव्हा परत काट्यावर उभं राहायचं, सांगून ठेवतो." मग सोनं घ्यायला आपट्याची पानं मिळतात का बघतो म्हणून चौकाकडे गेला.

घरात कुणी राहिलं नाही. उत्तमरावांनी फडक्यातलं पीठ काढलं आणि शेवटची भाकरी थापली. उरलेली अंबाडी ताटात घेतली, कढईच्या तळाशी लागलेली तीही खरवडून घेतली. पाटावर न जाता ते चुलीशेजारी भिंतीला टेकून बसले. पाठ त्या डागावर बरोबर बसली. डोकं मात्र वरच्या डागाच्याही वर गेलं, ती त्यांच्यापेक्षा बुटकी होती.

तिथून पाट समोरच दिसत होता. पाटापुढचं ताट, त्यातल्या भाकरीचा उरलेला तुकडा, भाजी किती संपली, किती राहिली, सगळं नीट दिसत होतं. आपलं ताट गुडघ्याआड होतं. ते पाटावरून कुणाला दिसलं नसतं.

त्यांनी भाकरी मोडली आणि जेवायला सुरुवात केली.